गुडघ्याचं माप

प्ल्झेनच्या कारखान्यात मी सुतार होतो.
पोलादाच्या कारखान्यात सुतार कशाला, लोक विचारायचे.
पण रणगाडा आधी लाकडाचा होतो:
पाइनच्या फळ्या, सरस, खिळे,
आणि बुरुज फिरावा म्हणून
बिअरच्या पिंपाचं एक कडं.

माझा उस्ताद व्हेंदेलिन.
तोंडात कायम खिळे, म्हणून बोलणं ओठाच्या कडेनं.
"आत बस," म्हणाला.
सगळ्यांत बुटका मी. तेवढीच माझी लायकी.

बसलो. साडेतीन महिने बसलो.
इंजिनियर हाव्रानेक पट्टी घेऊन यायचे.
"पाय पुढे. मान वळव.
आता डावा हात, झाकणाच्या कडीपर्यंत.
पोचतो?"
नाही पोचला तर फळी सरकायची.
पोचला तर कागदावर रेघ.
तसं बघितलं तर तो सगळा नकाशा
माझ्या गुडघ्यांपासून सुरू झाला.

वरच्या मजल्यावर एकच शब्द चालायचा: हलका.
मागच्या युद्धातली धुडं म्हणे चिखलात बसली ती बसलीच.
आता हवा घोड्यासारखा,
खेड्यातला पूल मोडणार नाही असा,
शिवाय स्वस्त.
कुणी पंधरा मिलिमीटरवर अडलेला, कुणी पंचवीसवर,
भाजीवालीशी घासाघीस करावी तसे.
एकेक मिलिमीटर किती किलोंचा, तोंडपाठ होतं त्यांना.
माणूस त्यांनी सत्तर किलोंचा धरला होता.
मी त्रेपन्न भरायचो.
हे मी कुणाला बोललो नाही. काम गेलं असतं.

बुरुजात जागा एकट्याची.
त्यानंच बघायचं, त्यानंच तोफ भरायची, नेम धरायचा,
आणि खाली बसलेल्याच्या खांद्यावर बुटानं दाबून
डावं-उजवं सांगायचं.
"याला चार हात लागतील," मी म्हणालो.
व्हेंदेलिननं खिळे काढले, हातावर घेतले.
"पगार दोघांचाच मिळेल," म्हणाला,
आणि खिळे परत तोंडात.

पहिला पोलादी गाडा उभा राहिला
तेव्हा माझ्या जागी भुशानं भरलेला बाहुला ठेवला.
शंभर पावलांवरून गोळी झाडली.
गोळी बाहेरच राहिली, चपटी होऊन.
रिव्हेट आत आलं.
बाहुल्याच्या पोटातून भुसा गळत होता, बराच वेळ.
हाव्रानेकांनी भोकात करंगळी घालून खोली मोजली,
वहीत टिपली.
रिव्हेटं तशीच ठेवली. मुदत तोंडावर आली होती.

मग एकोणचाळीसचा मार्च, ओला बर्फ.
ते आले तेव्हा आमचे गाडे
शेडमध्ये ओळीनं उभे होते, तेल-पाणी भरून,
एकाचीही तोफ तापलेली नाही.
त्यांचा एक लांबलचक पोरगा आत शिरला
आणि कपाळ आपटून कळवळला.
मला हसू फुटलं.
व्हेंदेलिननं माझ्या पावलावर आपलं पाऊल रोवलं,
सगळं वजन टाकून.
आठवड्याभरात नवा रंग, बाजूला पांढरा क्रॉस.
मापं मात्र माझीच.

त्यानंतर मी भूगोल शिकलो, वर्तमानपत्रातून.
पोलंड. फ्रान्स.
जिथे जिथे ते गेले, तिथे माझे गुडघे आधी पोचलेले.

आता थंडी पडली की ते ठणकतात.
डॉक्टरीणबाई म्हणतात, वय झालं.
असेल.
रशियाहून परतलेल्या एकानं सांगितलं होतं,
आमच्या गाड्याचं सुकाणू हवेच्या दाबावर चालायचं,
त्या हिवाळ्यात हवाच गोठली नळ्यांत.
डावीकडे वळेना, उजवीकडे वळेना.
आत एक पोरगा. लांबलचक की बुटका, त्याला आठवत नव्हतं.
पाय पुढे. मान वळलेली.
डावा हात कडीकडे.

पोचला का, मी विचारलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं काही मी परक्या भाषेत बोललो.